लोअर परळचे ऊन आणि सायकलस्वाराचे कपडे

दादरहून लोअर परळला सायकलने कामावर येणाऱ्याच्या डाव्या हाताला ऊन जास्त लागते, गिरगावहून येणाऱ्याच्या उजव्या. दादरकर सकाळी सेनापती बापट मार्गाने दक्षिणेकडे येतो तेव्हा पूर्वेचा सूर्य त्याच्या डावीकडे असतो. संध्याकाळी तो उत्तरेकडे परततो तेव्हा सूर्य पश्चिमेला गेलेला, म्हणजे पुन्हा डावीकडेच. गिरगावातून ना. म. जोशी मार्गाने वर येणाऱ्याचे बरोबर उलटे. लालबागहून पश्चिमेकडे येणाऱ्याच्या मानेवर दोन्ही वेळा ऊन, तर वरळीहून येणाऱ्याच्या तोंडावर. कपडे घ्यायला बाजारात जाण्याआधी आपला रोजचा रस्ता असा दिशा धरून एकदा पाहावा. अंगाचा कोणता भाग आधी झाकायचा, हे त्यावरूनच कळते.

उन्हाळ्यात सायकल चालवायची म्हणजे कमीत कमी कपडे घालायचे, असा आपल्याकडे समज आहे. बिनबाह्यांचा बनियन, अर्धी चड्डी, आणि वर जमेल तेवढे सनस्क्रीन. मला हा समज चुकीचा वाटतो. मुंबईच्या उन्हात अंग झाकूनच सायकल चालवावी. फक्त कापड दाट विणीचे आणि कपडा सैल हवा. उघड्या कातडीवर पडलेले ऊन थेट अंगात उष्णता भरते. तीच उष्णता कापडाने अंगापासून बोटभर अंतरावर अडवली आणि मधून वारा खेळता ठेवला, तर शरीरावरचा भार हलका होतो. शेतात दिवसभर राबणारा माणूस पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला मुंडासे घालतो, त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे.

आपली गव्हाळ-सावळी त्वचा उन्हाला बऱ्यापैकी तोंड देते, हे खरे. गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याला त्वचेच्या कर्करोगाचा धोका बराच कमी असतो. पण काळवंडणे, गालांवर वांग येणे, डोळ्यांत लवकर मोतीबिंदू होणे, यांपासून सावळा रंग वाचवत नाही. शिवाय उन्हाने भाजलेली कातडी नीट घामही काढू शकत नाही, आणि घामाशिवाय मुंबईत शरीर थंड ठेवायचा दुसरा मार्ग नाही.

ऊन किती वाजता टोकाला असते

मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर आपल्या माथ्यावर येतो : १५-१६ मेच्या सुमारास आणि पुन्हा २७-२८ जुलैच्या सुमारास. वर्तमानपत्रांत येणारा ‘शून्य सावली दिवस’ तो हाच. जुलैतला दिवस ढगांमुळे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, पण पातळ ढगांतून अतिनील किरण मोठ्या प्रमाणात खाली येतात. पाऊस चार दिवस उघडला की ते ऊन मे महिन्याइतकेच कडक लागते.

दुसरी गोष्ट घड्याळाची. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची आणि मुंबई ७२.८ अंशांच्या आसपास. फरक सुमारे ३९ मिनिटांचा. १९०६ साली ही प्रमाणवेळ आली तेव्हा इथल्या गिरणी कामगारांनी तिला कडाडून विरोध केला होता, आणि मुंबई महापालिका तर आपली जुनी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत पाळत राहिली. ऊन अजून त्या जुन्या वेळेनेच चालते. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास. त्यामुळे सकाळी सव्वानऊचे ऊन आणि दुपारी चारचे ऊन जवळपास सारख्याच तिरकसपणे पडते. उशिरा निघायचे असेल तर दुपारी पावणेचारनंतर निघावे; साडेतीनला ‘आता कलले’ म्हणून निघण्यात फसगत आहे.

रस्त्यावर हे जोखायचा सोपा उपाय म्हणजे आपली सावली. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की पूर्ण बाह्या, टोपी, चष्मा हे सगळे अंगावर हवे. मुंबईत मे महिन्याच्या मध्याला सावली साधारण सकाळी ९.२५ ते दुपारी ३.४५ एवढा वेळ आखूड असते. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दहाच्या आसपासपासून तीनपर्यंत. डिसेंबरअखेरीस जेमतेम साडेअकरा ते पावणेदोन. मुंबईकर मे महिन्याला घाबरतो आणि ऑक्टोबरला गाफील असतो. खरे तर ऑक्टोबरमध्ये ढग गेलेले असतात, दमटपणा मात्र गेलेला नसतो.

कापडाची पारख

ज्या परिसरात शंभर-सव्वाशे वर्षे कापड विणले गेले, तिथल्या माणसाने कापड घेताना फक्त लेबल वाचावे हे बरे नाही. कमला मिल, फिनिक्स, मथुरादास, श्रीराम ही आज जेवायला आणि कचेरीला जायची ठिकाणे आहेत, पण गिरणगावात अजूनही कित्येक घरांत साचा खात्यात, म्हणजे विणकामात, काम केलेली माणसे आहेत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर त्यांचे काम गेले, बोटांची पारख गेली नाही. ताणा-बाणा किती दाट बसला आहे हे ते कापड चिमटीत धरून सांगतात. घरात असे आजोबा असतील तर कापड त्यांना दाखवावे. उन्हाच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच : धाग्यांमधली भोके किती लहान आहेत.

कापडाचे ऊन अडवण्याचे माप यूपीएफ या आकड्यात देतात. यूपीएफ ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे दोन टक्के, कापडातून आत येतो. हे माप लावायचे पहिले प्रमाण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने १९९६ मध्ये काढले. लेबलावर ‘एएस/एनझेडएस ४३९९’ किंवा युरोपचे ‘ईएन १३७५८’ असे लिहिलेले असेल तर दाव्याला आधार आहे. नुसते ‘सूर्यापासून संरक्षण’ असे शब्द असतील तर त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. कपड्यावर एसपीएफ लिहिलेले दिसले तरी सावध व्हावे. ते माप मलमाचे आहे.

पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा यूपीएफ ५ ते ७ च्या आसपास असतो. म्हणजे पाचवा ते सातवा हिस्सा ऊन आत येतेच. तोच टी-शर्ट घामाने चिंब झाला की आकडा ३ पर्यंत उतरतो. आपल्या हवेत कोरडा सुती टी-शर्ट सायकलवर दहा मिनिटेही टिकत नाही, तेव्हा खरा आकडा हा ओल्याचाच धरावा. ‘सुती तेच उत्तम’ हे वाक्य म्हणून मला अर्धेच पटते. सुतीमध्येही फरक असतो. ब्लिचिंग केलेल्या, गुळगुळीत पांढऱ्या मलमलपेक्षा कोरा मांजरपाट ऊन जास्त अडवतो, कारण एक तर तो जाड आणि दाट असतो, आणि कापसातली ऊन शोषणारी नैसर्गिक द्रव्ये ब्लिचिंगमध्ये निघून गेलेली नसतात. एक-दोन धुण्यांत कापड आटले की वीण आणखी घट्ट होते. पूर्वी कपडे लख्ख दिसावेत म्हणून घरोघरी टिनोपॉल किंवा रानीपाल घालत. ती द्रव्ये अतिनील किरण शोषून त्याचा निळसर उजेड करतात, म्हणून ती थोडे संरक्षणही देतात. आजच्या बहुतेक धुण्याच्या पावडरींत ती असतातच.

पॉलिस्टर कृत्रिम म्हणून बदनाम आहे, पण त्याचा धागाच अतिनील किरण शोषतो आणि घाम लवकर सोडतो. पॉलिस्टर आणि सूत मिसळलेले टेरिकॉट हे माझ्या मते लोअर परळच्या सायकलस्वारासाठी सगळ्यात कमी खर्चाचे चांगले कापड आहे. वडिलांचा जुना, पूर्ण बाह्यांचा, दोन माप मोठा टेरिकॉटचा शर्ट घरात पडून असेल तर तो काढा. तीन-चार किलोमीटरच्या रोजच्या फेरीला त्याच्याइतके उपयोगी फार थोडे काही दुकानात मिळेल. ठाणे किंवा बोरिवलीपासून पल्ला मारणाऱ्याने मात्र बारीक, दाट विणीचा, सैल बसणारा पॉलिस्टर किंवा नायलॉनचा खास शर्ट घ्यावा. तासाभराच्या घामाला टेरिकॉट पुरत नाही. जीन्सचे कापड ऊन जवळजवळ पूर्ण अडवते, पण घामाने भिजले की जड होते आणि मांड्या सोलते. ती सायकलवर नको.

रंगाचा प्रश्न नेहमी विचारला जातो. एकाच कापडात गडद रंग अतिनील किरण जास्त अडवतो आणि उष्णताही जास्त घेतो. वाळवंटातले बेदुइन काळे झगे का घालतात, याचा अभ्यास १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला होता. झगा काळा असो की पांढरा, माणसाच्या अंगापर्यंत पोचणारी उष्णता सारखीच निघाली, कारण सैल झग्याच्या आतून हवा वाहत होती. त्यामुळे कपडा सैल असेल तर रंगाची फार चिंता करू नये. अंगाला चिकटणारा असेल तर काळा टाळावा. आपल्या रस्त्यांवर ट्रक-बसच्या चालकाला आपण दिसणे हेही संरक्षणच आहे, म्हणून मी पिवळा, नारिंगी, भडक निळा असे रंग सुचवतो.

दुकानात कापड उजेडासमोर धरून पाहावे. बारीक भोके चमकली तर तो कपडा उन्हासाठी नापास. भोके दिसली नाहीत म्हणून तो उत्तम ठरत नाही, पण नापास झालेला नक्की नापास. हातावर चढवायच्या लायक्राच्या बाह्या ताणूनच तपासाव्यात, कारण अंगावर त्या ताणलेल्याच असतात आणि ताणले की भोके मोठी होतात. त्या एक माप मोठ्या घ्याव्यात आणि कोपरापाशी विरल्या की बदलाव्यात.

सनकोट, पण सायकलचा

पुण्या-नाशकात स्कूटरवरच्या बायका वर्षानुवर्षे जो सनकोट घालतात, तो महाराष्ट्राने स्वतःच्या उन्हासाठी घडवलेला कपडा आहे. सैल, पूर्ण बाह्यांचा, तळहातापर्यंत येणारा, वर स्कार्फ. सायकलसाठी त्याच्यात काही बदल हवेत, आणि ते कोपऱ्यावरचा शिंपी सहज करून देतो.

लांबी कमरेच्या थोडी खालीच ठेवावी. गुडघ्यापर्यंतचा कोट पॅडल मारताना सीटमध्ये अडकतो, चाकाकडे जातो. मागची बाजू मात्र पुढच्यापेक्षा वीतभर लांब हवी, कारण वाकल्यावर शर्ट वर सरकतो आणि कमरेची पट्टी उघडी पडते. तिथले ऊन घरी गेल्यावरच जाणवते. दोन्ही बाजूंना काप द्यावेत. कॉलर उभी, मानेच्या मागे हाडापर्यंत येणारी. काखेत चौकोनी तुकडा जोडून जागा मोकळी ठेवावी आणि तिथे जाळीचे कापड लावले तरी चालते, कारण काखेत ऊन जात नाही. पाठीवर खांद्याखाली आडवी झडप ठेवली तर चालत्या सायकलवर वारा गळ्यातून शिरून तिथून बाहेर पडतो. बाही चार बोटे जास्त लांब शिवून टोकाला अंगठ्यासाठी काज करून घ्यावे. हँडल धरल्यावर मनगट आणि हातमोजा यांच्यामध्ये जी उघडी फट राहते, ती त्याने झाकली जाते. कापड हिंदमाताला किंवा मंगलदास मार्केटमध्ये निवडून घेता येते.

स्कार्फ आणि ओढणीबद्दल मात्र कळकळीने सांगतो : एकही सुटे टोक ठेवू नका. चाकात ओढणी अडकून गळा आवळल्याचे अपघात होतात. टोके कोटाच्या आत खोचा. नाकातोंडावर जाड स्कार्फाचे दोन-तीन वेढे घेऊन चढ चढू नये. घामाने भिजलेल्या कापडातून श्वास ओढावा लागतो आणि धाप लागते. चेहऱ्यासाठी पातळ, सैल, गळ्यात अडकवून वर ओढता येणारे नळीसारखे कापड बरे. डिलाइल पुलाचा चढ आला की ते खाली ओढावे, सपाटीला पुन्हा वर.

डोक्यावर हेल्मेट हवेच, पण त्याच्या भोकांतून ऊन आत येते आणि केस विरळ असतील तर टाळूवर पट्टे उठतात. हेल्मेटखाली पातळ सुती टोपी घालावी, पुढे छोटी झापड असलेली. ती घाम टिपते आणि डोळ्यांत उतरू देत नाही. पंच्याचा तुकडा टोपीच्या मागच्या कडेला टाचून मानेवर सोडला की लालबागकरांचा प्रश्न सुटतो. स्कार्फावर हेल्मेट घालत असाल तर गाठ मानेच्या खाली यावी. डोक्यामागे गाठ असेल तर हेल्मेट पुढे सरकते आणि पडल्यावर उपयोगाचे राहत नाही.

हातमोजे पूर्ण बोटांचे, पाठीला जाळी नसलेले घ्या. पायांत पायघोळ सुती पँट किंवा ट्रॅक पँट; उजव्या घोट्याला क्लिप किंवा रुंद रबर, म्हणजे साखळीचे तेल लागत नाही. चष्मा ‘यूव्ही ४००’ लिहिलेला असावा. फूटपाथवरचा नुसता काळा चष्मा उघड्या डोळ्यांपेक्षा वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण आत जास्त जातात. पॉलिकार्बोनेटची साधी पारदर्शक काचही अतिनील किरण अडवते, म्हणून नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी चष्मेवाल्याकडून तसे तपासून घ्यावे. नाक, कान, ओठ एवढेच उरते, त्याला सनस्क्रीन.

भर दुपारी सायकल चालवणारी माणसे पाहायची असतील तर डबेवाल्यांकडे पाहा. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केले, तेव्हापासून डबा पोचायची वेळ तीच, सूर्य माथ्यावर यायची. सैल पांढरे कपडे आणि गांधी टोपी ही त्यांची ओळख. टोपी टाळू उत्तम राखते, पण कान आणि मान तिच्याबाहेर राहतात. त्यांच्या गळ्यातला रुमाल ती कसर भरून काढतो. तो ओला करून मानेभोवती ठेवला तर आणखी चांगले.

कपडा कुठे हात टेकतो

मुंबईत खरा शत्रू दमटपणा आहे. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम ठिबकून रस्त्यावर पडला तर काहीच नेत नाही. चालत्या सायकलवर वाऱ्याने तो वाळतो, सिग्नलला थांबलो की ठिबकतो. म्हणून सिग्नलला झाडाच्या किंवा पुलाच्या सावलीत चार हात मागे थांबावे आणि कोटाची चेन खाली ओढावी. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. गणपतराव कदम मार्गाने वरळी नाक्याकडून लोअर परळकडे येताना तो पाठीमागून लागतो. तुमचा वेग ताशी १५ किलोमीटर आणि वाराही तेवढाच असेल तर अंगाला वारा लागतच नाही. सोपा वाटणारा हाच टप्पा सगळ्यात जास्त तापवतो. तिथे वेग वाढवू नये, पाणी प्यावे.

किनारपट्टीवर तापमान ३७ अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर गेले की हवामान खाते उष्णतेची लाट धरते. मैदानी भागात हीच मर्यादा ४० ची आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला उघड्यावर झालेल्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उष्माघाताने १४ माणसे गेली, तेव्हाही पारा चाळिशीच्या खालीच होता. लाटेचा इशारा असेल त्या दिवशी कोणताही कपडा पुरेसा नाही, लोकल घ्यावी. सायकलवर डोके भणभणणे, मळमळ, अंगावर काटा येणे ही थांबायची खूण आहे. बोलणे असंबद्ध होऊ लागले तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी ओतायला लागावे आणि १०८ ला फोन करावा. मार्च लागला की पहिले दहा-पंधरा दिवस अंतर आणि वेग कमी ठेवावा. शरीर उन्हाला सरावायला तेवढा वेळ घेते.

आणखी एक, जे फारसे कोणी सांगत नाही. पावसाळ्यात हिंदमाता-परळच्या साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन देतात. गोळी जरूर घ्यावी, पण तिच्यामुळे कातडी उन्हाला फार हळवी होते. त्या दिवसांत ढग असले तरी पूर्ण बाह्या आणि हातमोजे सोडू नयेत. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचेही असेच होते. आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

कपडे रोज साध्या पाण्यातून तरी काढावेत, मिठाने कापड कडक होते आणि घामोळे येते. कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये, त्याने घाम शोषला जात नाही. उलटे करून सावलीत वाळवावेत. आपल्या हवेत एक जोड रात्रीत वाळेलच असे नाही, म्हणून दोन जोड हवेत. कचेरीत पोचल्यावर लगेच शर्ट बदलू नका. दहा मिनिटे पंख्याखाली बसा, घाम थांबू द्या, मग बदला.

शेवटी लोअर परळच्या कचेऱ्यांना आणि सायकलवरून माल पोचवणाऱ्या कंपन्यांना विनंती. सायकलने येणाऱ्या माणसाला कपडे बदलायला एक खोली आणि ओले कपडे वाळत घालायला एक दोरी द्या. आणि जी मुले दुपारी एक वाजता तुमचे सामान घेऊन गणपतराव कदम मार्गावर सायकल मारतात, त्यांचा अर्ध्या बाह्यांचा घट्ट टी-शर्ट बदलून पूर्ण बाह्यांचा, सैल, उभ्या कॉलरचा गणवेश शिवा. त्याचे पैसे त्यांच्या पगारातून कापू नका, आणि मार्चच्या आत तो त्यांच्या अंगावर असू द्या.